आबांना निबंधात मारू नका

रविवारी भाचीचा फोन. "मामा, निबंधात आबा वारले असं लिहिलं तर चालेल का?"

आबा म्हणजे माझे वडील. वय ७८. त्या घडीला ते अंबाझरीची फेरी आटोपून, वाटेत तर्री-पोहे हाणून घरी पेपर वाचत बसले होते.

पालकांच्या ग्रुपवर फिरणारा एक फॉरवर्ड तिच्यापर्यंत पोचला होता. अमेरिकेतल्या कॉलेजांत अर्ज करताय आणि गुण घसरलेत? मग हे चार गुरुमंत्र. एक, निबंध घसरलेल्या गुणांवरच लिहा. दोन, घरात आजारपण किंवा मृत्यू दाखवा. नसेल तर 'थोडी कल्पकता वापरा'. तीन, जड इंग्रजी शब्द पेरा. चार, निबंध जमला की गुण कोणी बघत नाही.

दुसऱ्यापासूनच सुरू करतो, कारण त्यात माझा बाप मेलाय.

कॉमन ॲपवर, म्हणजे तिकडच्या अनेक कॉलेजांसाठी एकच अर्ज भरायच्या संकेतस्थळावर, अर्ज भरताना मुलाला लिहून द्यावं लागतं की माहिती खरी आहे आणि लेखन माझंच आहे. खोटं निघालं तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो, शिकत असताना काढूनही टाकू शकतात. शिवाय शाळेकडून वेगळा अहवाल जातो, समुपदेशकाचं पत्र जातं. तिकडे घरात सगळं सुखरूप आणि इकडे निबंधात चिता पेटलेली! सतरा वर्षांच्या पोरीला हे शिकवणाऱ्याला 'कल्पकता' म्हणताना लाज कशी वाटली नाही? आबांना सांगितलं तर म्हणाले, "तेरवीला जेवायला काय होतं?"

पहिल्या मंत्रात अर्धं सत्य आहे, कबूल. निबंधाच्या सात विषयांपैकी एक अडचण-अपयशाचा आहेच. खरंच काही सोसलं असेल आणि त्यातून सांगण्यासारखं काही असेल, तर लिहा ना बाप्पा. पण गुण का घसरले हे सांगायला अर्जात 'अतिरिक्त माहिती'ची वेगळी जागा आहे. पूर्वी तिथे ६५० शब्द चालायचे, २०२५-२६ पासून ३००. भरपूर झाले. भाचीचं कारण तर चार ओळींचं: अकरावीत कॉलेज आणि क्लासच्या ओढाताणीत अभ्यास सुटला, बारावीत सावरला. त्यासाठी मुख्य निबंधाचे ६५० शब्द कशाला जाळायचे?

चौथा मंत्र निव्वळ थाप. नॅकॅक ही तिथल्या प्रवेश-समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना. २०२३च्या प्रवेशांबद्दल तिने कॉलेजांना विचारलं, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश कॉलेजांनी शाळेतल्या गुणांना मोठं महत्त्व असल्याचं सांगितलं. निबंधाला तेवढं महत्त्व देणारी जेमतेम पाचातली एक. निबंधाने गुण पुसले जात नाहीत.

जड शब्दांबद्दल काय बोलायचं. तिला म्हटलं, तू घरी ज्या इंग्रजीत भांडतेस त्यात लिही.

"मग लिहू कशावर?"

ही पोरगी दर एप्रिलमध्ये गल्लीतल्या अर्ध्या घरांचे कूलर उघडते. गवत बदलते, खाऱ्या पाण्याने जाम झालेला पंप खरवडते, मोटरचा आवाज ऐकून बिघाड ओळखते. पैसे घेत नाही, संत्र्याची बर्फी घेते. आणि ही विचारते कशावर लिहू!

पहिला खर्डा आलाय. ९०० शब्द झालेत, २५० कापायचेत. आबांचं वाक्य मात्र ठेवायला सांगितलंय: रात्री लाइट गेली की कूलरपाशी खुर्ची टाकून बॅटरी तेच धरतात, आणि दर वेळी चुकीच्या जागी.