दम्याच्या मुलांना फ्लूची लस नको म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

काल सकाळी वहिनीचा फोन आला, म्हणे गुरुवारची अपॉइंटमेंट कॅन्सल केली, लस नको. कारण काय तर इथे इंदूरला, राजेंद्र नगरच्या आपल्या मराठी ग्रुपवर फिरतोय तो मेसेज: दमा असलेल्या मुलांना फ्लूचं इंजेक्शन देऊ नका, त्यातूनच फ्लू होतो, अटॅक येतो, त्यात अंडं असतं, पारा असतो, रोज वाफ द्या तेवढं पुरे.

भाचा सहा वर्षांचा आहे. गेल्या पावसाळ्यात त्याला फ्लू झाला तेव्हा मी तिथेच होते. मांडीवर घेऊन स्पेसरनं, म्हणजे पंपाला लावायच्या पोकळ नळीनं, पंप देत होतो, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, "आत्या पाणी दे" एवढं म्हणायला तो दोनदा थांबला. त्याच मुलाची लस एका फॉरवर्डमुळे रद्द होते म्हटल्यावर राग येणारच ना.

लसीतून फ्लू होतो, हे खोटं. इंजेक्शनमधला व्हायरस मेलेला असतो. दंड दुखतो, एखाद दिवस कणकण येते, बस.

आता अटॅकचं, कारण सगळे घाबरतात ते यालाच. अमेरिकन लंग असोसिएशननं हेच तपासलं, 2001 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. दम्याचे 2032 पेशंट, वय 3 ते 64, प्रत्येकाला एकदा खरी लस आणि एकदा नुसतं खोटं इंजेक्शन, कधी कुठलं ते पेशंटला माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. पुढच्या 14 दिवसांत दमा वाढला तो लसीनंतर 28.8 टक्के जणांचा आणि खोट्या इंजेक्शननंतर 27.7 टक्के जणांचा. म्हणजे जवळपास सारखंच! दमा असाही उसळतोच, लस घेतलेली असली की खापर तिच्यावर फुटतं. फरक पडला तो फक्त अंगदुखीत. खरा अटॅक आणतो तो फ्लू, कारण या मुलांच्या श्वासनळ्या आधीच सुजलेल्या असतात.

एक गोष्ट मान्य करते. नाकात मारायचा स्प्रे येतो त्यात जिवंत, कमजोर केलेला व्हायरस असतो आणि दमा असलेल्या लहान मुलांना, विशेषतः पाच वर्षांखालच्यांना, तो देत नाहीत. पण ते स्प्रेचं झालं, इंजेक्शनचं नाही. आणि लस घेतली की दम्याचा अटॅक कधीच येणार नाही असंही नाही, साध्या सर्दीनंही येतो, म्हणून पंप बंद करायचा नाही.

अंडं? बऱ्याच लसी अंड्यात वाढवतात, खरंय, पण अंड्याची अॅलर्जी असली तरी आता लस देतात आणि दम्याशी त्याचा काय संबंध? पारा एका डोसच्या भरलेल्या सिरिंजमध्ये नसतो. वाफेनं फ्लू अडत नाही, उलट उकळत्या पाण्याचं पातेलं आणि लहान मूल जवळजवळ ठेवायची मला तरी भीती वाटते.

आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, दम्याच्या मुलांना ही लस द्या असंच सांगते. नऊ वर्षांखाली पहिल्यांदा घेताना चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस, मग दरवर्षी एक, कारण व्हायरस बदलत राहतो.

संध्याकाळी घरी जाऊन वहिनीला हे सगळं बसून सांगितलं. दादानं शनिवारची वेळ घेतलीय, दुसऱ्या डोसची तारीख मीच त्यांच्या कॅलेंडरवर लिहून आले.