क्लोनच्या किडनीची वाट बघत डोनर नाकारू नका

काचेच्या टाक्यांत पाण्यात तरंगणारी माणसं दाखवणारा एक व्हिडिओ सध्या मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. खाली मजकूर असा: 'परदेशात गुप्त लॅबमध्ये दोन तासांत माणसाचा क्लोन तयार, आठवणींसकट! हुबेहूब कॉपी. क्लोनची किडनी १०० टक्के जुळते. घरच्यांची किडनी घेऊ नका, दोन वर्षं थांबा. आजच पेशी साठवा. भारतात यावर बंदी नाही.'

भांडुपची माझी आत्या आठवड्यातून तीनदा, चार-चार तास डायलिसिसला बसते. तिला किडनी द्यायला तिच्या मुलीच्या तपासण्या चालू आहेत. हा मेसेज आल्यापासून आत्याचं एकच: "पोरीला कशाला कापायचं? थांबू की दोन वर्षं." त्यामुळे हा फॉरवर्ड नुसता डिलीट करून भागणार नाही.

आधी व्हिडिओ. तो कुठल्याही लॅबचा नाही. अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या 'द सिक्स्थ डे' या २००० सालच्या हॉलिवूडपटातली दृश्यं आहेत ती. टाकीतली कोरी शरीरं, डोळ्यांत झगझगीत प्रकाश मारून आठवणी उतरवून घेणं, सगळं त्या कथेतलं. त्या कथेतसुद्धा माणसाच्या क्लोनिंगवर कायद्याने बंदी आहे.

आता 'दोन तासांत क्लोन' आणि 'क्लोनची किडनी'. सगळा घोळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर. क्लोन करायचा म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? मादीचं पक्व बीजांड घेतात. ते साधारण एक दशांश मिलिमीटरचं, म्हणजे चांगल्या उजेडात डोळ्याला जेमतेम ठिपका दिसावा एवढं. सूक्ष्मदर्शकाखाली ते एका काचेच्या नळीने धरून ठेवायचं, दुसऱ्या बारीक नळीने त्यातली गुणसूत्रं ओढून काढायची. ज्याचा क्लोन हवा त्याची एक पेशी बीजांडाच्या आवरणाआत सोडायची आणि विजेचा हलका झटका देऊन दोन्ही एकजीव करायची. मग रसायनांनी बीजांड जागं करायचं. नीट वाढलं तर पाच-सहा दिवसांनी शंभर-दोनशे पेशींचा गोळा मिळतो. तो गर्भाशयात ठेवायचा आणि माणूस असेल तर नऊ महिने थांबायचं. एवढं सगळं जमलं तर हाती येतं ते एक नवजात बाळ.

या नऊ महिन्यांना आडवाट नाही. नवजात बाळाची किडनी चार-पाच सेंटिमीटरची असते, मोठ्या माणसाची दहा-बारा. ती मोठी व्हायला ते बाळ मोठं व्हावं लागतं. आणि तोवर ते बाळ कुणाचं तरी मूल झालेलं असतं, त्याला नाव असतं, ते शाळेत जात असतं. किडनी त्याची असते. 'क्लोनची किडनी घ्या' म्हणजे त्या मुलाला कापा, असाच अर्थ होतो. पोटच्या पोरीची काळजी म्हणून हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

शिवाय वर सांगितलेली प्रत्येक पायरी फसते. मोठ्या प्राण्याच्या पेशीला गर्भाच्या पहिल्या दिवसासारखं वागायला लावणं हेच मुळात अवघड. ते अर्धवट झालं की चुकीची जनुकं चालू राहतात, गर्भाला पोसणारी वार बिघडते, गर्भ पडतो. डॉली मेंढी १९९६ मध्ये जन्मली ती २७७ बीजांडांच्या प्रयत्नांतली एकटी. माणसाच्या सगळ्यात जवळचा दाखला माकडांचा आहे. शांघायच्या संशोधकांचा तो निबंध जानेवारी २०१८ मध्ये 'सेल' या नियतकालिकात आला. गर्भातल्या पेशी वापरून केलेले ७९ गर्भ त्यांनी २१ माद्यांमध्ये ठेवले. सहा गाभण राहिल्या, दोन पिल्लं जगली: झोंग झोंग आणि हुआ हुआ. मोठ्या माकडाच्या पेशी वापरल्या तेव्हा १८१ गर्भ, ४२ माद्या, २२ गाभण, आणि जन्मलेली दोन्ही पिल्लं लगेच गेली. फॉरवर्डवाल्याला मोठ्या माणसाचाच क्लोन हवाय, म्हणजे हाच दुसरा हिशेब लागू. या ४२ माद्यांच्या जागी बायका ठेवून पाहा, मग कळेल काय मागणं चाललंय. माणसाचा क्लोन जन्मल्याचा एकही पुरावा आजवर कोणी दिलेला नाही. २००२ च्या अखेरीस एका कंपनीने तसा दावा केला, पण बाळ काही दाखवलं नाही. कोरियात क्लोन गर्भातून मूलपेशी (ज्यांच्यापासून इतर पेशी तयार होतात त्या) काढल्याचे निबंध तर खोटे निघाले आणि २००६ मध्ये मागे घेतले गेले.

'१०० टक्के जुळते' यात थोडं तथ्य आहे, ते मान्य. केंद्रकातला डीएनए तोच असल्याने शरीर असा अवयव नाकारण्याची शक्यता फारच कमी. पण बीजांडासोबत ते देणाऱ्या बाईचा मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांचा, डीएनए येतोच, त्यामुळे १०० हा आकडा चूक. क्लोनिंगचा आणि किडनीचा खरा संबंध आज वेगळ्याच ठिकाणी आहे. मार्च २०२४ मध्ये बोस्टनला एका रुग्णाला जनुकं बदललेल्या डुकराची किडनी बसवली, आणि ते डुक्कर क्लोनिंगच्याच तंत्राने तयार केलेलं होतं. तेही अजून प्रयोगाच्याच पातळीवर आहे.

आठवणींचं म्हणाल तर त्या डीएनएत नसतात. त्या मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींच्या आपसातल्या जोडण्यांत असतात, आणि त्या जोडण्या जगता जगता बनतात. डोळ्याची नस माहिती मेंदूकडे नेते. डोळ्यात प्रकाश मारून मेंदूतलं काही बाहेर काढता येत नाही. एकसारखी जुळी भावंडं म्हणजे निसर्गाने केलेले क्लोनच, पण एकाने पाठ केलेला पाढा दुसऱ्याला आपोआप येत नाही.

'हुबेहूब कॉपी'ही नाही. २००१ मध्ये टेक्सासला पहिलं क्लोन मांजर जन्मलं. मूळ मांजर तिरंगी होतं, पिल्लाच्या अंगावर नारिंगी रंगाचा ठिपकाही नव्हता. मांजरीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र चालू असतं, आणि ज्या पेशीपासून क्लोन केला तिच्यात नारिंगी रंगाचं जनुक असलेलं गुणसूत्र बंद होतं. पैसे मोजून कुत्र्याचा क्लोन मिळतो हे खरं आहे. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने २००९ पासून म्हशींचे क्लोन केलेत, हेही खरं. पण त्यातून माणसाची किडनी निघत नाही.

पेशी साठवायचं म्हणाल, तर नाळेच्या रक्तातल्या मूलपेशी रक्ताच्या काही आजारांत कामी येतात. त्यांची किडनी होत नाही. आणि बंदीबद्दल: संसदेने क्लोनिंगवर वेगळा कायदा केलेला नाही, पण आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत क्लोनिंगने मूल जन्माला घालण्यावर स्पष्ट बंदी आहे.

ज्यांच्या घरी डायलिसिस चालू आहे त्यांनी हे करावं. आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, आजी-आजोबा, नातवंडं हे कायद्याने जवळचे नातेवाईक, ते किडनी देऊ शकतात. दात्याची एक किडनी पुढे नीट काम करील का, हे बघायलाच त्या तपासण्या असतात. त्या अर्ध्यावर सोडू नका. रक्तगट जुळला नाही तर तशाच दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल करायला अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीपासून परवानगी आहे. प्रत्यारोपण समन्वयकाला त्याबद्दल स्पष्ट विचारा. जिवंत दाता नसेल तर प्रत्यारोपणाची मान्यता असलेल्या रुग्णालयामार्फत झेडटीसीसीच्या (मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या) प्रतीक्षायादीत नाव घाला, आणि घातलेलं असेल तर काढू नका. आत्याच्या मुलीची पुढची तपासणी सोमवारी आहे, आणि आत्या तिच्यासोबत जायला तयार झाली आहे.