पूरक विमा घ्यायचा की नाही, सरळ सांगा ना!

दरवर्षी मुदत संपत आली की डोक्याचा भुगा होतो. मूळ आरोग्य विमा आहेच, मग वरून हा पूरक विमा घ्यायचा की नाही? साधा प्रश्न, पण सरळ उत्तर कुणी देईल तर शपथ! माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत भलीमोठी रक्कम. वेटिंग पीरियड (म्हणजे सुरुवातीचा काळ, ज्यात काही आजारांचे पैसे मिळत नाहीत), को-पे (म्हणजे बिलातला आपण भरायचा वाटा), आधीपासूनचे आजार हे सगळं शेवटी, मुंगीएवढ्या अक्षरांत. आणि डिडक्टिबल? ही एक ठरलेली रक्कम; तेवढा खर्च आधी मूळ विम्यातून किंवा खिशातून झाल्याशिवाय हा विमा छदामही देत नाही. मग तो डिडक्टिबल दर वेळी दाखल झाल्यावर नव्याने मोजणार, की वर्षभराच्या एकूण खर्चावर? सगळा हिशोब या एका ओळीवर फिरतो. लहानसहान दुखण्यांसाठी दोनतीनदा दाखल व्हावं लागलं, तर पहिल्या प्रकारात हाती काहीच येत नाही! पण फोनवरचा माणूस हे आपणहून सांगेल तर ना. विचारलं की "सगळं कव्हर होतं." अहो, मग लिहून द्या! वय वाढेल तसा हप्ता वाढणार, तो किती, हे विचारलं की "वरिष्ठांशी बोलून कळवतो," आणि फोन बंद.