‘समुद्रकाठच्या माणसाला थायरॉइड होत नाही’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

माझ्या भाचीने गेल्या महिन्यात, गरोदरपणाच्या सातव्या आठवड्यात, थायरॉइडची गोळी बंद केली. डॉक्टरांनी सांगितले म्हणून नव्हे, तर सासरच्या व्हॉट्सॲप गटात आलेला एक संदेश घरातल्या सगळ्यांनी वाचला आणि सगळ्यांना तो पटला म्हणून. मला हे कळले तोवर सोळा दिवस उलटले होते. फोनवर ती अगदी निर्धास्तपणे म्हणाली, “मावशी, पंधरा दिस झाले गोळी सोडून, माका काय एक जावंक नाय.” त्यानंतर हाच संदेश मला वेंगुर्ल्यातल्या दोन आणि कुडाळच्या एका गटातून आला, तेव्हा त्याला लेखी उत्तर द्यायचे मी ठरवले. मी डॉक्टर नाही, पण एकोणीस वर्षे हीच गोळी घेणारी रुग्ण आहे.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे. थायरॉइड हा रोगच नसून औषध कंपन्यांनी उभा केलेला धंदा आहे. गोळीची शरीराला सवय लागते आणि ती सोडली की ग्रंथी आपोआप कामाला लागते. गरोदर स्त्रीने ती अजिबात घेऊ नये, कारण कृत्रिम संप्रेरक बाळाला बाधते. समुद्रकाठच्या लोकांना हवेतून आणि मासळीतून आयोडीन मिळत असल्याने हा विकार त्यांना होऊच शकत नाही, आणि झालाच तर तो पाकिटातल्या मिठामुळे होतो, म्हणून मिठागरातले खडे मीठ खावे. कोबी आणि फ्लॉवर वर्ज्य करावे. चाळीस दिवस अनशापोटी धन्याचे पाणी प्यावे. आणि शेवटी, डॉक्टर तुमचे काही ऐकून न घेता फक्त गोळी वाढवत नेतात.

गरोदरपणाचा मुद्दा संदेशात मध्येच कुठेतरी आहे, पण मी तो आधी घेते, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फसवणूक होते आणि या मुद्द्याने पोटातल्या बाळाचे नुकसान होते. बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास संप्रेरक तयार करू लागते आणि पूर्ण क्षमतेने चालायला तिला त्याहूनही पुढचे काही आठवडे लागतात. तोपर्यंत बाळाच्या मेंदूच्या जडणघडणीला लागणारे थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक, फक्त आईच्या रक्तातून येते. आईच्या ग्रंथीतच ते पुरेसे तयार होत नसेल, तर बाळाला ते मिळण्याचा मार्ग म्हणजे ती गोळी. म्हणूनच आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीला दिवस राहिल्याचे कळताच रक्तातले टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारे संप्रेरक; ग्रंथी कमी पडली की ते वाढते) तपासायला सांगतात आणि बहुतेकींच्या गोळीची मात्रा पहिल्या काही महिन्यांत पाव ते निम्म्या हिश्श्याने वाढवावी लागते. जी वाढवायची, ती या संदेशाने बंद करायला लावली. उपचाराविना राहिलेल्या थायरॉइडच्या कमतरतेमुळे गर्भपात, गरोदरपणातला रक्तदाब, वेळेआधी प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका वाढतो. हे सगळे कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारून खात्री करून घेता येते, आणि संदेश पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकानेही ती करून घेतली नाही, याचा मला राग आहे.

‘कृत्रिम’ या शब्दाने लोक घाबरतात, म्हणून तेवढे स्पष्ट करते. 1914 साली अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉइड ग्रंथीतून जे थायरॉक्सिन वेगळे केले, त्याचाच रेणू आज कारखान्यात तयार करून गोळीत घालतात. शरीराला या दोहोंत फरक कळत नाही, कारण फरक नाहीच.

आता सवयीचा मुद्दा. भाचीला पंधरा दिवस काहीच झाले नाही, हे तिने खरेच सांगितले, आणि हा संदेश इतका टिकून राहण्याचे कारणही तेच आहे. थायरॉक्सिन शरीरातून फार सावकाश उतरते. त्याचा निम्मा साठा संपायलाच सुमारे एक आठवडा लागतो, उरलेल्याचा निम्मा संपायला आणखी एक. त्यामुळे गोळी सोडणाऱ्याला पहिले दोन-तीन आठवडे बरेच वाटते, त्याच काळात तो गटात ‘मला फरक पडला’ असे लिहून मोकळा होतो, आणि दीड-दोन महिन्यांनी अंग जड होते, केस गळतात, बद्धकोष्ठ होतो, भर मे महिन्यात थंडी वाजते, तेव्हा त्याला त्या गोळीची आठवण राहिलेली नसते. टीएसएच दीड-दोन महिन्यांच्या अंतराने तपासतात त्याचेही हेच कारण. भाचीचा सोळाव्या दिवशीचा रिपोर्ट मात्र बोलका होता. आदल्या तपासणीत 2.8 असलेले टीएसएच 11.4 झाले होते, आणि तिला स्वतःला काहीही जाणवत नव्हते.

चष्मा लावणाऱ्याला चष्म्याची सवय लागते असे म्हणण्यात जेवढा अर्थ आहे, तेवढाच गोळीच्या ‘सवयी’त आहे. आपल्याकडे थायरॉइडच्या कमतरतेचे सर्वांत मोठे कारण हाशिमोटोचा विकार हे आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीच्या पेशी नष्ट करत जाते, आणि गोळी सोडल्याने नष्ट झालेल्या पेशी परत येत नाहीत. आयुष्यभर गोळी घेणे हा कंपन्यांचा डाव असेल, तर कंपन्यांच्या गोळ्या निघण्याआधीची एक नोंद वाचावी. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जॉर्ज मरे या डॉक्टरांनी 1891 मध्ये 46 वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क टोचायला सुरुवात केली. पुढे ती तोच अर्क तोंडावाटे घेऊ लागली आणि 28 वर्षांहून अधिक काळ चांगले आयुष्य जगून 1919 मध्ये, वयाच्या 74 व्या वर्षी वारली. तिच्यासाठी 870 हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असे मरे यांनी 1920 मध्ये लिहून ठेवले आहे. तेच काम आज दीड-दोन रुपयांच्या आसपास मिळणारी गोळी करते, आणि ही गोळी देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

येथे एक गोष्ट मला मान्य करावी लागते. टीएसएच किंचित वाढलेल्या प्रत्येकाला गोळी लागतेच असे नाही. ते दहाच्या आत असेल आणि थायरॉक्सिन व्यवस्थित असेल, तर काही महिन्यांनी पुन्हा तपासून मग ठरवता येते. बाळंतपणानंतर बिघडलेली ग्रंथी अनेकींच्या बाबतीत वर्षभरात सावरते, आणि उतारवयात टीएसएच थोडे वर जाणे स्वाभाविकही असू शकते. जरुरीपेक्षा जास्त गोळी वर्षानुवर्षे घेतली, तर हाडे ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हेही खरे आहे. पण हे सगळे तपासून ठरवायचे आहे. शिवाय थायरॉइड म्हणजे एकच विकार नव्हे. ज्यांची ग्रंथी जास्त चालते आणि जे कार्बिमाझोल घेतात, त्यांनी संदेश वाचून गोळी एकाएकी सोडली तर जिवावर बेतू शकते. त्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे. ही गोळी चालू असताना ताप आणि घसादुखी सुरू झाली, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासून घ्याव्यात.

समुद्राचा मुद्दा आपल्या लोकांना फार आवडला, कारण त्यात कोकणचे कौतुक आहे. मासळीतून आयोडीन मिळते यात शंका नाही. पण 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत 5,360 प्रौढांची तपासणी झाली होती, आणि त्या आठ शहरांत मुंबई आणि गोवा, म्हणजे आपल्या किनाऱ्याची दोन्ही टोके होती. थायरॉइडची कमतरता समुद्रापासून दूरच्या शहरांत 11.7 टक्के आणि किनाऱ्यावरच्या शहरांत 9.5 टक्के लोकांत आढळली. म्हणजे किनाऱ्यावरही दर दहा-अकरा माणसांत एक. बांगडे आणि पेडवे खाणाऱ्या घरांतही हाशिमोटो होतो, कारण तो मुळात आयोडीनच्या अभावाने होणारा विकार नाही.

खड्या मिठाचे गणित कोणालाही करता येईल. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार आणि सुमारे 60 मायक्रोग्रॅम आयोडीन असते. मीठ पडताना त्यातले सगळे आयोडीन मिठातच राहिले असे धरले, तरी पाच ग्रॅम मिठातून नऊ मायक्रोग्रॅमही मिळत नाही, आणि प्रत्यक्षात ते राहतही नाही. प्रौढ माणसाला रोज 150 मायक्रोग्रॅम लागते, गरोदर स्त्रीला 250. पाकिटातल्या मिठात ग्राहकाच्या हाती येईपर्यंत किमान 15 पीपीएम, म्हणजे किलोमागे 15 मिलीग्रॅम, आयोडीन असले पाहिजे असा नियम आहे, म्हणजे त्याच पाच ग्रॅममधून निदान 75 मायक्रोग्रॅम मिळते. शिरोड्याच्या मिठागरांचा आम्हाला अभिमान आहे. 1930 चा मिठाचा सत्याग्रह तिथे झाला. पण तो अभिमान गरोदर मुलीच्या ताटात आयोडीन घालत नाही. आयोडीनचा पुरवठा वाढल्यावर चीन आणि डेन्मार्कसारख्या देशांत थायरॉइडच्या कमतरतेचे रुग्ण काहीसे वाढलेले आढळले, एवढा सत्यांश या मुद्द्यात आहे. त्यावरून मीठ बदलायला सांगणे म्हणजे हिमाचलमधल्या कांगड्याच्या खोऱ्यात आयोडीनच्या अभावाने पसरलेला आणि आयोडीनयुक्त मिठाने आटोक्यात आलेला गलगंड विसरणे होय.

शिजवलेली कोबी नेहमीच्या प्रमाणात खायला हरकत नाही. धन्याचे पाणी आवडत असेल तर प्यावे, त्याने ग्रंथी परत येत नाही.

राहिला शेवटचा मुद्दा, आणि तो खोटा आहे असे मी म्हणू शकत नाही. माझे निदान होण्याआधी अकरा महिने मी थकत होते. तालुक्याच्या ठिकाणच्या एका डॉक्टरांनी दोन वेळा ‘या वयात बायकांचे असेच असते’ असे सांगून टॉनिक लिहून दिले. निदान झाल्यावर गोळी पंचवीस मायक्रोग्रॅमवरून पन्नास, पन्नासवरून पंच्याहत्तर आणि मग शंभरवर गेली, तरी टीएसएच खाली येईना. दर वेळी रिपोर्ट पाहायचा, आकडा खोडायचा आणि नवा लिहायचा, एवढेच व्हायचे. नंतर ज्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी विचारले, “गोळी कधी घेता, आणि कशाबरोबर?” मी सकाळी उठल्यावर दुधाच्या चहाबरोबर घेत होते, आणि विसरायला नको म्हणून लोहाची गोळीही त्याच घोटाबरोबर. त्यांनी माझ्या मागे उभे राहून मानेवर बोटे ठेवली आणि पाणी गिळायला लावले, घोट्यामागे हातोडी मारून पाहिली, आईला गळ्याची गाठ होती का ते विचारले. मग थायरॉइडची गोळी उठल्याउठल्या नुसत्या पाण्याबरोबर, चहा त्यानंतर पाऊण तासाने, लोह रात्री, आणि बाटलीचे झाकण घट्ट लावून ती चुलीपासून आणि पावसाळी दमटपणापासून दूर, एवढेच बदलले. आज मी पंच्याहत्तरवर आहे आणि टीएसएच स्थिर आहे.

म्हणून ऐकणारा डॉक्टर शोधावा, हे मी आग्रहाने सांगते. साध्या थायरॉइडला एमडी मेडिसिन झालेले डॉक्टर पुरतात. गरोदरपणात आकडा आवरत नसेल, ग्रंथीत गाठ असेल, ग्रंथी जास्त चालत असेल किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर गोव्याला किंवा कोल्हापूरला अंतःस्राव तज्ज्ञांकडे जाण्याचा त्रास घ्यावा. जाताना सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्यावेत. गोळीची वेळ, इतर सगळ्या गोळ्या आणि आपले प्रश्न एका कागदावर लिहावेत. केसांसाठी घेत असलेली बायोटिनची गोळीही त्यात लिहावी, कारण तिने रिपोर्ट चुकतो आणि ती तपासणीच्या निदान दोन दिवस आधी थांबवावी लागते. तो कागद पाहून डॉक्टर चिडले, तर दुसरे डॉक्टर पाहावेत, पण ते मिळेपर्यंत चालू गोळी थांबवू नये.

भाचीची गोळी त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली, डॉक्टरांनी मात्रा वाढवली आणि चार आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासायचे आहे. संदेश घरात आणणाऱ्या तिच्या सासूबाईंवर मला रागवायचे होते. त्यांनी सुनेच्या काळजीनेच तो वाचून दाखवला होता आणि स्वतःचीही गोळी चाळीस दिवसांसाठी बंद केली होती. मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली फाइल माझ्यापुढे ठेवली. दर वर्षी वाढत गेलेली मात्रा तीत दिसत होती. गोळी कधी घेता, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “चायेच्या वांगडा घेतंय ताई, बारा वर्सां झाली. ह्या माका कोणी इचारूकच नाय.”