वेंगुर्ल्याची भरती, टिळकवाडीचा नळ

मे महिन्यात थंड हवेसाठी बेळगावला जावं, असं कोकणात आणि गोव्यात अजूनही मानतात. पूर्वी ते खरंही होतं. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंची, कॅम्पातली झाडं, कौलारू घरं आणि संध्याकाळी पश्चिमेकडून सुटणारा वारा, एवढ्या भांडवलावर या गावानं 'गरिबांचं महाबळेश्वर' ही पदवी मिळवली. पुढं कौलं जाऊन स्लॅब आले, झाडं रस्ते रुंद करताना गेली, पदवी तेवढी शिल्लक राहिली. तिच्यावर विसंबून बायकोची मावशी आणि काका दर मे महिन्यात वेंगुर्ल्याहून आमच्याकडं टिळकवाडीत येतात. येताना कोकमाचं आगळ, सुके बांगडे आणि काकांचा मोबाईल आणतात. आगळ आणि बांगड्यांबद्दल माझी काही तक्रार नाही.

मोबाईलात समुद्र आहे.

काकांचा नोकरीत समुद्राशी काडीचा संबंध आला नाही. उभी हयात कचेरीत टपाल आवक-जावक केलं. बोटीत बसलं की त्यांना मळमळतं, असं मावशी सांगतात. पण आंबोली घाट चढून गाडी बेळगावात शिरली की त्यांना समुद्राची काळजी लागते. सकाळी सहाला ते व्हरांड्यात बसून मोठ्यानं वाचायला लागतात, "वारा वायव्येकडून, दहा ते पंधरा नॉट. लाटांची उंची एक मीटर. समुद्र शांत ते मध्यम." मी त्या वेळी हॉलमधल्या फरशीवर पडलेला असतो. गादी तापते म्हणून फरशीवर, आणि फरशीचा थंड तुकडा संपला की सरकत सरकत पुढच्या तुकड्यावर. करंट रात्रीच गेलेला असतो. अशा अवस्थेत वाऱ्याचा वेग नॉटमध्ये ऐकणं सोपं नाही. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. हे मला आता झोपेत उठवून विचारलं तरी सांगता येतं. झोप लागायची तेवढी खोटी.

लाटांची उंची कशी मोजतात, हेही मला एका दुपारी, वरच्या टाकीतलं पाणी अंगावर घेण्यासारखं व्हायची वाट बघत असताना कळलं. सगळ्या लाटांची सरासरी काढत नाहीत. त्यातल्या सर्वांत उंच एक तृतीयांश लाटा घेऊन त्यांची सरासरी सांगतात. आमच्या शाळेच्या निकालाला हीच पद्धत लावली असती तर शाळा दर वर्षी बोर्डात झळकली असती.

"काका, हे सगळं कळतं कुठून?" मी विचारलं.

"हैदराबादहून."

मला वाटलं, उन्हाचा परिणाम. खरं ते बरोबर निघालं. इनकॉइस नावाची केंद्र सरकारची संस्था हैदराबादेत आहे. लाटा किती, वारा किती, मासळी कुठं मिळण्यासारखी आहे, हे सगळं मच्छीमारांना ती तिथून कळवते. भारताच्या दक्षिणेला हजारो किलोमीटरवर वादळ होतं, त्याच्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर येऊन धडकतात, इकडं वारा पडलेला असला तरी. त्याचा इशारासुद्धा हैदराबादहूनच. म्हणजे समुद्राची काळजी वाहायला समुद्र जवळ असावा लागत नाही, हा काकांचा मुद्दा सरकारनंच मान्य करून टाकलेला आहे. तिथं मी काय बोलणार?

आमच्या स्वतःच्या हवेची गोष्ट वेगळी. हवामानखात्याच्या हिशेबात आम्ही कर्नाटकाच्या उत्तर ओळनाडूत, म्हणजे किनाऱ्यापासून आतल्या उत्तर भागात येतो, त्यामुळं उष्णतेचा इशारा मोबाईलवर कन्नडमध्ये येतो. मराठी वाहिनीवरचा तापमानाचा नकाशा शिनोळीच्या नाक्यावर संपतो. कोल्हापूर एवढं, सांगली तेवढं, पुढं पांढरं. मग कोल्हापूरचा आकडा आणि धारवाडचा आकडा घेऊन भागिले दोन करायचं. आमच्या घरातली पोरं सरासरी काढायला शाळेत नाही, अशी शिकली.

एका दुपारी या आकड्यांवरून रीतसर भांडण झालं. बायकोनं सहज म्हटलं, "३९ झालंय म्हणे." त्यावर काका मावशीकडं बघून हसले. "आमच्याकडं ३७ क लाट."

हेही खरं आहे. हवामानखात्याच्या नियमात सपाटीच्या गावाला उष्णतेची लाट म्हणवून घ्यायला आधी ४० अंश तापावं लागतं. किनाऱ्यावर ३७ पुरतात. डोंगराळ भागात तर ३० ला काम होतं. वर नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त असावं लागतं, ते सगळ्यांनाच सारखं. मला हा सरळ अन्याय वाटला. आम्ही इथं ३९ वर करपायचं, तरी ती लाट नव्हे, नुसतं ऊन. काका मात्र ३७ वर लाटग्रस्त.

"घाम सुकत नाही रे बाबा तिकडं," मावशी समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "तुमच्याकडं घाम येतो आणि उडून जातो. आमच्याकडं येतो आणि राहायलाच येतो."

त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. घाम उडाला तर अंग थंड होतं, आणि हवेतच बाष्प गच्च असेल तर तो उडून जाणार कुठं? पण भांडणात पटलं म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मी म्हटलं, तो ३९ आकडा तरी कुठला खरा? तो सावलीतला. पांढऱ्या लाकडी झडपांच्या पेटीत, जमिनीपासून चारेक फुटांवर टांगलेल्या तापमापकाचा. त्या पेटीला खडेबाजारात उन्हात लावलेल्या स्कूटरच्या सीटवर बसवा आणि मग सांगा. परवाच मी गणपत गल्लीतून येऊन त्या सीटवर बसलो आणि तसाच उठलो. आजूबाजूच्या लोकांना वाटलं, कुणाला तरी मान देतोय.

काका त्यावर गप्प बसले नाहीत. म्हणाले, किनाऱ्यावर मुळात तापतच नाही. पाणी जमिनीपेक्षा फार हळू तापतं, दुपारी समुद्रावरून खारं वारं येतं आणि पारा खाली आणतं. "ता वारा दुपारी उशिरा इला की आमी मेलाव. आणि उशिरा कशाक येता? तुमच्याकडचो पूर्वेचो तापलेलो वारो मध्ये आडवो येता म्हणून." म्हणजे वेंगुर्ल्याच्या उकाड्यालाही बेळगावच जबाबदार. आमच्या गावावर आजवर पुष्कळ दावे झाले, पण हा नवा होता. मी तो ताबडतोब अथणीवर ढकलला. तो वारा अथणी-विजापूरकडून येतो, आम्ही फक्त वाटेत आहोत. अथणीच्या आमच्या मेहुण्यांना फोन लावला तर ते म्हणाले, "आमचं काय न्हाई, ते पार तिकडं कलबुर्गीकडनं येतंय." प्रकरण तिथंच थांबवलं, नाहीतर राजस्थानापर्यंत गेलं असतं.

हे सगळं मी सोसलं असतं. न सोसणारी गोष्ट नळाची होती.

आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यानं येतं. कधीकधी आठवडा दहा-बारा दिवसांचा असतो. कुठल्या वारी येणार हे नक्की नाही, वेळेचं तर नावच काढू नका. रात्री एकला येतं, दुपारी जेवणावर बसलं की येतं, सगळे लग्नाला गेले की हमखास येतं. यायच्या आधी नळ सूंऽऽ करून हवा सोडतो. त्या आवाजावर टिळकवाडीतली माणसं ज्या वेगानं उठतात त्या वेगानं ती दुसऱ्या कशालाच उठत नाहीत. मग बॅरल, बिंदग्या, बादल्या, सगळ्यात मोठं पातेलं, शेवटी चहाचं भांडं. कुणीतरी लाईनीला मोटार लावतं, आमची धार करंगळीएवढी होते, आणि दोन घरांचं बोलणं पुढच्या पाण्यापर्यंत बंद.

आणि ऐन अशा दिवसांत काका व्हरांड्यातून सांगणार, "वेंगुर्ल्याला आज भरती दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी."

तीन वाजून दहा! ज्या पाण्याचा एक घोट पिता येत नाही, ज्यात डाळ शिजत नाही, जे नव्वदेक किलोमीटरवर आहे, त्याची वेळ मिनिटासकट. आजची नव्हे, पुढच्या वर्षीच्या गणपतीतलीसुद्धा छापून तयार. दिवसातून दोनदा, सव्वाबारा-साडेबारा तासांच्या अंतरानं, कधी खाडा नाही. उद्या पन्नासेक मिनिटं उशिरा येणार, तेही आधी सांगून. कारण पृथ्वीची एक फेरी होईस्तोवर चंद्र थोडा पुढं सरकलेला असतो, त्याला गाठायला तेवढा वेळ जास्त लागतो. उशिराचं इतकं सभ्य कारण मला आजवर पाणीवाल्यांपैकी कुणी दिलेलं नाही.

काकांना मोबाईलसुद्धा लागत नाही. कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीला पाऊणनं गुणायचं. चतुर्थीला चार पाऊणे तीन, भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पाच-पंचवीस मिनिटं इकडंतिकडं. अमावस्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात म्हणून उधाण, अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात म्हणून भांग, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. मुंबईला उधाणाचं पाणी पाच मीटरच्या घरात जातं, वेंगुर्ला-गोवा-कारवारकडं दोनेक मीटर. हे ते सांगत असताना वरच्या मजल्यावरच्या आक्का जिन्यात थबकल्या.

"काय सांगालाय ओ काका? पाणी कधी यायचं त्ये?"

"येतलां ना. आज चतुर्थी. तीन वाजता."

काका वेंगुर्ल्याचं सांगत होते. आक्कांनी टिळकवाडीचं ऐकलं. त्या वर गेल्या, बॅरल धुऊन ठेवलं, आणि पहाटे तीनला नळानं सूंऽऽ केलं.

योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट होती, खरं गल्लीत ती सोडायला कुणी तयार होईना. सकाळी सातला दारात चार बायका आणि मागच्या घरातले निवृत्त विज्ञानमास्तर. मास्तर आल्यावर मला बरं वाटलं, आता हे समजावतील. मास्तर म्हणाले, "तसं बघायला गेलं तर भरती बेळगावात पण येते." जमीनसुद्धा चंद्र-सूर्यामुळं दिवसातून दोनदा वरखाली होते, चांगली वीतभर, कधी फूटभर. घर, रस्ता, झाड, आपण, सगळंच एकदम वर जातं म्हणून कळत नाही. हे शास्त्र आहे, आणि अगदी खरं आहे. फक्त ते त्या सकाळी, त्या व्हरांड्यात सांगायला नको होतं.

"तरीच!" आक्का म्हणाल्या. "बिल्डिंग वर गेल्यावर वरच्या मजल्यावर पाणी चढंल कसं?"

त्या दिवसापासून आमच्याकडं कॅलेंडर भिंतीवर राहिलं नाही, काकांच्या मांडीवर राहिलं. लोक येत, आगळाचं सरबत पीत, तिथी विचारत. पाणी सांगितल्या वेळेला आलं की काकांचा जयजयकार. नाही आलं की काका म्हणत, "भांगाचा पाणी, जोर नाय." आणि लोक मान डोलवत घरी जात. इतकी वर्षं कमी दाबाचं कारण विचारून विचारून थकलेली माणसं ती, त्यांना निदान कुणीतरी कारण दिलं.

मधे एका रविवारी मी सुचवून पाहिलं की एवढा समुद्र समुद्र चाललाय तर चोर्ल्यानं उतरून गोव्याला जाऊन येऊ. काकांनी हिशेब केला, आपण पोहोचेपर्यंत ओहोटी लागणार. मावशी म्हणाल्या, तिकडं घाम सुकत नाही. बायको म्हणाली, आपण गेलो आणि नळाला पाणी आलं तर? बेत तिथंच संपला. दुपारी मासे आणू म्हटलं तर त्यातही काका. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद, म्हणून आत्ताच खाऊन घ्या. आणि बाजारात बांगड्याचा भाव ऐकून स्वतःच म्हणाले, सुके आणलेत ते काढा.

संध्याकाळी मात्र खरंच पश्चिमेकडून वारं सुटलं. गच्चीवर सगळे जमलो. काका छाती भरून म्हणाले, "आमचा वारा." मी काही बोललो नाही. घाट चढून दमून आलेला वारा होता, त्यावर हक्क कुणाचा हे नंतर बघता आलं असतं. खानापूरकडं ढग काळे झाले, वळवाचे चार टपोरे थेंब पडले, मातीचा वास सुटला, करंट गेला, आणि पाऊस दुसऱ्याच कुणाच्या गल्लीत गेला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी वाल्वमन आला. हातात ती लांब लोखंडी चावी, डोक्याला टॉवेल. गेटाशी उभा राहून म्हणाला, "काका म्हणजे तुम्हीच काय? लोक मला विचारायचं सोडून तुम्हाला विचारालेत." मला वाटलं, आता भांडण. काकांनी त्याला सावलीत बसवला, मावशीनं सरबत दिलं. दुसरा पेला संपल्यावर त्यानं टॉवेलानं तोंड पुसलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मग उद्याचं सांगून ठेवा की. किती वाजता सोडू?"

काकांनी बोट ओलं करून कॅलेंडर उलटलं. पंधरा पाऊणे सव्वाअकरा.

"सव्वाअकराक."

"सकाळी का रात्री?"

"दोन्ही वेळा," काका म्हणाले. "भरती ती, दिवसातून दोनदा येणारच."

वाल्वमन चावी खांद्यावर टाकून उठला.

"दोनदा? काका, बेळगाव हाय हे."