एसडब्ल्यूआर १.१ आला म्हणून अँटेना नीट बसला असं होत नाही

नमस्कार ओएम (हॅम मंडळी एकमेकांना असंच म्हणतात),

गाडीवर हॅम रेडिओच्या टू मीटर बँडचा (१४५ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा) अँटेना कुठे बसवावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. सूर चढा आहे, पण मुद्दे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दहा-बारा लाखांच्या गाडीच्या टपाला भोक पाडा असं नवशिक्यांना सांगणं बेजबाबदारपणाचं आहे, तुमचा मॅग माउंट (चुंबकाने चिकटणारा अँटेनाचा तळ) डिकीच्या झाकणावर आहे आणि एसडब्ल्यूआर (सेटकडे किती पॉवर परत येते ते सांगणारा आकडा, १.० म्हणजे काहीच नाही) १.१ येतो, मग आणखी काय हवं. आणि गाडी विकायची वेळ आली की ते भोक कोण बुजवून देणार?

आधी त्या १.१ कडे वळतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय. मोठ्या पत्र्याच्या मधोमध उभा केलेला साधा पाव तरंगलांबीचा अँटेना फीड पॉइंटला, म्हणजे केबल जोडतो तिथे, साधारण ३६ ओहम दाखवतो. ५० ओहमच्या केबलवर त्याचा एसडब्ल्यूआर १.४ च्या आसपास येतो. म्हणजे सगळं ठाकठीक असताना काटा १.४ वर! आता पत्र्याशी जोड कच्ची राहिली आणि बारा-चौदा ओहमचा तोटा मध्ये घुसला, की बेरीज ५० होते आणि काटा शहाण्यासारखा १.० वर येऊन बसतो. पाव हिस्सा पॉवर मात्र उष्णतेत गेलेली असते. डमी लोडचाही (अँटेनाऐवजी लावायच्या, पॉवर नुसती उष्णतेत घालवणाऱ्या रोधाचाही) एसडब्ल्यूआर १.० असतो, त्यावर कुणी क्यूएसओ, म्हणजे रेडिओवर संभाषण, करत नाही. तुमच्या अँटेनाच्या बुडाशी मॅचिंगची, म्हणजे ३६ चा ५० शी मेळ घालणारी, कॉईल असेल तर १.१ खराही असेल. पण त्यावरून सेट सुखात आहे एवढंच कळतं. सिग्नल कुठे जातोय, ते नाही.

एक करून बघा. रिकामी फ्रीक्वेन्सी शोधा, पॉवर पाच वॉटवर आणा, एसडब्ल्यूआर मीटर लावा आणि पीटीटी (बोलायचं बटण) दाबून सेटकडे येणारी केबल मुठीत धरा. मूठ पुढे-मागे सरकवा. काटा हलला, तर केबलच्या आतल्या तारेभोवतीचं धातूचं जाळंच अँटेनाचा भाग होऊन बसलंय असं समजा. डिकीच्या झाकणावर हा प्रकार बऱ्याचदा होतो, कारण झाकण बॉडीला जोडलेलं असतं ते रंगवलेल्या, ग्रीस लावलेल्या दोन बिजागऱ्यांनी. झाकण आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या विणलेल्या वायरची रुंद पट्टी घट्ट कसली की बराच फरक पडतो. भोक पाडायचं नसेल तर निदान एवढं तरी कराच.

चुंबकाला मी नावं ठेवलेली नाहीत, लेख पुन्हा वाचा. रंगाच्या थरामुळे चुंबकाचा तळ आणि पत्रा मिळून एक कपॅसिटर तयार होतो. नऊ सेंटीमीटर व्यासाचा तळ, खाली ०.२ मिलिमीटरचा थर, असं धरलं तर ढोबळमानाने ८०० पिकोफॅरड येतात. १४५ मेगाहर्ट्‌झला हा अडथळा ओहम-दीड ओहमचा, म्हणजे नगण्यच. तोच चुंबक घेऊन ७.१ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे फॉर्टी मीटर बँडवर, गेलात की अडथळा २५ ओहमच्या वर जातो. तिथे दोन-अडीच मीटरच्या अँटेनाचा रेडिएशन रेझिस्टन्सच (लहरी होऊन बाहेर पडणाऱ्या पॉवरचा वाटा दाखवणारा रोध) जेमतेम एक-दोन ओहम असतो. कॉईलने तो अडथळा ट्यून होऊन जातो खरा, पण त्या थरातला आणि जोडातला एकेक ओहमचा तोटा तिथे महाग पडतो. म्हणून फॉर्टी मीटरवर गाडीतून बोलायचं असेल तर बॉडीला बोल्टने कसलेला ब्रॅकेट हवा, हे माझं मत कायम आहे.

टू मीटरवर प्रश्न चुंबक की भोक हा नाहीच, प्रश्न जागेचा आहे. पाव तरंगलांबी म्हणजे सुमारे ५० सेंटीमीटर. टपाच्या मधोमध बसवलात तर तेवढा पत्रा सगळ्या बाजूंनी मिळतो. डिकीवर पत्रा पुढे जास्त, मागे नावाला, त्यामुळे सिग्नलही पुढे जास्त जातो. शिरवळकडून पुण्याला येताना पुण्याकडचा रिपीटर (आपला सिग्नल पकडून पुढे पाठवणारं केंद्र) झकास लागतो आणि खंबाटकीकडे जाताना गळतो, असं तुमचं होतंय का बघा. शिवाय टपावर अँटेना असला की तो आणि आत बसलेली माणसं यांच्यात पत्रा असतो. पन्नास वॉटचा सेट आणि मागच्या सीटवर मुलं, असं असेल तर हा मुद्दा माझ्या लेखी रेंजच्या आधी येतो.

म्हणजे टपाच्या मधोमध ठेवलेला चुंबक डिकीवरच्या चुंबकापेक्षा केव्हाही सरस. फक्त पावसाळ्यात तो आठवड्यातून एकदा उचलून दोन्ही बाजू पुसा. त्याच्या खाली पाणी साठतं, लोखंडाची बारीक धूळ चिकटते आणि मग रंगावर गोल वण उठतो. टपावरून केबल दाराच्या बीडिंगखालून आत घेता, तिथे ती रोज चेपली जाते आणि पाणी जाळ्यात शिरतं ते तिथूनच.

आता भोकाविषयी. एनएमओ माउंटला (टपात कायमचा बसवायच्या अँटेनाच्या तळाला) १९ मिलिमीटरचं भोक लागतं. नवशिक्याने ते स्वतः पाडावं असं मी म्हटलेलं नाही. माणूस अनुभवी हवा, होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) कॉलर असलेला हवा, नाहीतर दात पत्र्यातून सुटून थेट आतल्या अस्तरात घुसतात. वरचा रंग शाबूत ठेवायचा आणि आतून माउंटचे दात टेकतात तेवढाच भाग खरवडायचा. भोकाच्या कडेला प्रायमर. आणि धातूचा चुरा टिपून घ्यायचा, अगदी एकेक कण, कारण तो राहिला तर एका पावसाळ्यात टपावर तांबडे ठिपके दिसू लागतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे केबल. पडदा एअरबॅग असलेल्या गाड्यांमध्ये ती एअरबॅग टपाच्या कडेने, अस्तराच्या आत घडी घालून ठेवलेली असते. केबल तिच्या पुढून, म्हणजे माणसाच्या बाजूने, कधीही जाता कामा नये. ज्या कारागिराला हे ठाऊक नाही, त्याच्या हातात गाडी देऊ नका.

सनरूफवाल्यांनी हा विषयच सोडावा, काचेला चुंबकही चिकटत नाही आणि मधोमध पत्राही नसतो. त्यांना बॉनेटच्या कडेचा क्लॅम्प बरा. त्याचे स्क्रू रंग भेदून पत्र्यापर्यंत गेलेत का, ते मल्टिमीटरने तपासा. गाडी ऑफिसची किंवा भाड्याची असेल तर चुंबकच.

राहिला विक्रीचा मुद्दा. बहुतेक गाड्यांच्या टपाला एफएमच्या अँटेनासाठी कंपनीनेच भोक पाडलेलं असतं, त्याची किंमत कुणी कापत नाही. (त्या एफएमच्या अँटेनातून ट्रान्समिट करायचा विचार मात्र नको, अनेकदा त्याच्या बुडाशी अॅम्प्लिफायर असतो आणि तो पहिल्या पीटीटीलाच जाईल.) एनएमओवरचा अँटेना काढून रबरी वॉशरची टोपी बसवली की पाणी आत जात नाही. घेणाऱ्याला टोपी खटकली तर थोडी घासाघीस होईल, हे मान्य. टपाच्या त्या भागाच्या गंजाची वॉरंटी कंपनी नाकारू शकते, तेही धरून चाला. मी गाडी दहा वर्षं वापरतो, म्हणून मला हा सौदा परवडतो. तुम्ही दर तीन वर्षांनी गाडी बदलत असाल तर टपावर चुंबक ठेवा, आणि मुठीची चाचणी केलीत की काटा किती हलला ते इथेच खाली लिहा.

७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा)