अँटोनियो कोस्टा युरोपचे राज्यकर्ते नव्हेत

पोर्तुगालचे माजी पंतप्रधान अँटोनियो कोस्टा यांच्याविषयी सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे: मडगावात जन्मलेले कोस्टा पोर्तुगालमध्ये भ्रष्टाचारात सापडले, तरी बक्षीस म्हणून युरोपचे राष्ट्राध्यक्ष झाले, आता २७ देश त्यांच्या हुकमात, तेव्हा हापूसला युरोपची दारे कायमची उघडली.

कोस्टांचा जन्म १९६१ साली लिस्बनमध्ये झाला. मडगावात वाढले ते त्यांचे वडील, लेखक ओर्लांदो द कोस्टा. घरच्या माणसांत कोस्टांना ‘बाबुश’ म्हणतात. गोव्याशी असलेले हे नाते खरे आहे आणि त्याला खोट्या जन्मस्थानाची गरज नाही.

‘सापडले’ हा शब्द तर अन्यायाचा आहे. लिथियम व हायड्रोजन प्रकल्पांच्या तपासात नाव येताच नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनी पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला, तेव्हा त्यांच्यावर आरोपपत्र नव्हते. एका संभाषणाच्या नोंदीत अर्थव्यवस्था खात्याचे मंत्री अँटोनियो कोस्टा सिल्वा यांच्याऐवजी पंतप्रधानांचे नाव पडल्याचेही पुढे उघड झाले. राहिला बक्षिसाचा मुद्दा. २०१५ च्या निवडणुकीत त्यांचा समाजवादी पक्ष दुसऱ्या क्रमांकावर होता. तरीही वर्षानुवर्षे सत्तेपासून दूर राहिलेल्या कम्युनिस्टांचा आणि डाव्या गटाचा संसदेतील पाठिंबा मिळवून त्यांनी सरकार उभे केले आणि ते पूर्ण मुदत चालवले. परस्परांशी न पटणाऱ्यांना एका टेबलाशी बसवण्याची ही हातोटीच, माझ्या मते, त्यांना ब्रुसेल्सला, युरोपीय संघाच्या मुख्यालयी, घेऊन गेली.

१ डिसेंबर २०२४ पासून ते युरोपीय परिषदेचे अध्यक्ष आहेत. या परिषदेत युरोपीय संघाच्या २७ सदस्य देशांचे प्रमुख बसतात. अध्यक्ष बैठका चालवतो, मतैक्य घडवतो, परराष्ट्र व्यवहारात संघाचे प्रतिनिधित्व करतो. मात्र मतदान झाल्यास त्याला मत नसते. मुदत अडीच वर्षांची, एकदाच वाढवता येणारी. ज्याला स्वतःचे मतही नाही, तो २७ देशांना हुकूम कसा सोडणार?

हापूसबाबतची चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण बागायतदार अशा आशेवर विसंबतात. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली ती खेपांत फळमाशी आढळली म्हणून, आणि २०१५ च्या सुरुवातीला ती उठवण्याचा निर्णय झाला तो आपल्याकडची निर्यातपूर्व तपासणी व प्रक्रिया सुधारल्यावर. असे निर्णय संघाचा कारभार चालवणारा युरोपीय आयोग आणि सदस्य देशांच्या वनस्पती-आरोग्य तज्ज्ञांची समिती घेते. कोस्टा यांच्या परिषदेपुढे आंब्याची पेटी जातच नाही.